दुसऱ्या नळीतला खिळा

दुसऱ्या नळीतला खिळा गंजायचा नसतो, असं पाठ्यपुस्तकात छापलेलं होतं. खिळ्याने पाठ्यपुस्तक वाचलेलं नव्हतं.

सोमवारी सकाळी विज्ञानाच्या बाईंनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, नळ्यांच्या लाकडी स्टँडपाशी गेल्या, पाहिलं, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. पहिल्या नळीत साधं पाणी होतं. तिथला खिळा गंजला होता, आणि ते त्याचं कामच होतं. तिसऱ्या नळीत पाणी नव्हतंच, तळाशी ओल शोषणारी पूड आणि वर कोरडी हवा. तिथला खिळा लखलखत होता. दुसऱ्या नळीतलं पाणी बाईंनी खळाखळा उकळून त्यातला प्राणवायू हाकलून दिला होता आणि वर तेलाचा थर सोडला होता, म्हणजे हाकललेला पाहुणा मागच्या दाराने परत यायला नको. तरी त्या खिळ्याच्या डोक्याभोवती तांबूस कडं उमटलं होतंच. गेल्या खेपेलाही अगदी तिथेच उमटलं होतं.

"गंजला?" मागून मुख्याध्यापकांचा आवाज आला. त्यांना सगळी शाळा मोठे सर म्हणे.

"गंजला."

मोठ्या सरांनी खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत एक चकचकीत खिळा होता, स्टेनलेस स्टीलचा. या शाळेत हा प्रयोग वर्षानुवर्षं यशस्वी होत आला होता तो या पुडीच्या जोरावर. आधीचे विज्ञानाचे सर निवृत्त होताना प्रयोगशाळेची किल्ली बाईंना देऊन गेले आणि पुडी मोठ्या सरांना.

"नको सर. मी वर्गाला शब्द दिलाय, खिळ्याला कुणी हात लावणार नाही म्हणून."

"शब्द ठीक आहे हो, पण खोली जाईल त्याचं काय? तपासनीस या आठवड्यात कधीही येतील. संस्थेच्या अध्यक्षांना त्यांच्या बक्षिसांच्या ढाली ठेवायला जागा हवीच आहे. तपासनीस नुसतं 'इथे प्रयोग होत नाहीत' म्हणाले, की झालंच. संध्याकाळच्या आत तुमच्या नळ्या माळ्यावर आणि ढाली टेबलावर. मग शिकवा फळ्यावर खिळा काढून!"

अध्यक्षांना ढाली कशाबद्दल मिळत, हे कुणालाच माहीत नव्हतं. पण मिळत, आणि थांबत नसत.

वर्गात तर सगळा आनंदच होता. पुढच्या बाकावर एक मुलगी बसे. तिचं प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू होई, म्हणून तिचं नावच पण पडलं होतं. तिने नळी उजेडात धरून पाहिली.

"पण बाई, पुस्तक चुकलंय की आपण?"

"आपण."

"पण कुठे?"

एवढंच बाईंना माहीत नव्हतं. पाणी उकळलं होतं, बुडबुडे निघून गेले होते, खिळा पॉलिश पेपरने घासला होता, तेलही ताजं होतं. संपूर्ण वर्गासमोर "मला माहीत नाही" म्हणायची वेळ आली की शिक्षकाचा घसा आपोआप खाकरतो. बाई खाकरल्या, आणि तरी म्हणाल्या, "मला माहीत नाही." मागच्या बाकावरचा चोरून खाणाराही चावायचा थांबला.

संध्याकाळी घरी त्यांनी सासऱ्यांसाठी चहा केला. सासऱ्यांना चहा उकळता हवा असे आणि प्यायला मात्र कोमट, त्यामुळे रोज तो दोन पेल्यांत खालीवर ओतून निववावा लागे. बाईंचे हात ओतत होते आणि डोकं दुसऱ्या नळीत होतं.

"सूनबाई, आज हात आखडलाय तुमचा," सासरे म्हणाले. "जरा वरून सोडा की धार. फेस आल्याशिवाय चहा कसला! हवा मिसळली पाहिजे."

बाईंचा वरचा हात वरच राहिला.

"अहो, सांडतोय!"

"सांडू दे," बाई म्हणाल्या. आजवर या घरात सुनेने सासऱ्यांचा चहा सांडू दिला नव्हता, त्यामुळे सासरे स्वतःच फडकं आणायला उठले.

शाळेतल्या नळ्या स्वस्तातल्या. गरम पाणी पडलं की तडकत. म्हणून बाई उकळलेलं पाणी आधी निववत. आणि कसं निववत, तर दोन चंचुपात्रांत खालीवर, हातभर धार सोडून! मुलं टाळ्या वाजवत. ज्या प्राणवायूला बुडबुड्यांच्या मिरवणुकीने दाराबाहेर घालवलं, त्याला त्या स्वतःच्या हाताने, टाळ्यांच्या गजरात परत आत घेत होत्या. पुस्तकात लिहिलं होतं, 'उकळून गार केलेले पाणी'. गार कसं करायचं ते लिहिलं नव्हतं. ते काय लिहायचं? घरोघरी करतात तसंच!

मंगळवारी त्यांनी हात खाली ठेवला. नळी आणि आतला खिळा आधी कोमट, मग गरम पाण्यात बसवून तापवले, म्हणजे काच तडकायला नको. उकळतं पाणी नळीच्या कडेने, ओघळ येईल इतक्या हळू सोडलं. त्यावर लगेच तेल. मग नळी स्टँडमध्ये ठेवली आणि तिच्याकडे कुणी जोरात श्वाससुद्धा सोडायचा नाही, असं सांगितलं. पण म्हणाली, "पण बाई, टाळ्या?" बाई म्हणाल्या, "शेवटी."

बुधवारी खिळा स्वच्छ होता. गुरुवारीही होता. बाईंचा गुरुवार कसा गेला ते त्यांनाच ठाऊक. दर तासाला काहीतरी विसरल्याचं निमित्त काढून त्या प्रयोगशाळेत जात आणि विसरलेलं न घेताच परत येत.

शुक्रवारी सकाळी त्या दाराशी आल्या आणि थबकल्या. कुलपाचं तोंड भिंतीकडे होतं. तसं उलटं कुलूप शाळेत एकच माणूस लावत असे. दुसरी किल्लीही त्याच माणसाकडे, मोठ्या सरांकडे होती. बाई आत धावल्या. दुसऱ्या नळीतला खिळा लखलखत होता. कालही लखलखतच होता. पण हा कालचाच का?

तेल न हलवता ते कळायला मार्ग नव्हता, आणि तेवढ्यात दारात तपासनीस उभे राहिले. मागे मोठे सर, त्यांच्या मागे रांगेत वर्ग.

तपासनीस बारीक चणीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पहिली नळी पाहिली, तिसरी पाहिली, मग दुसरी डोळ्यांपाशी धरली.

"छान. हा कुठल्या दुकानातला?"

"कोण, साहेब?"

"खिळा. बाई, इतकी वर्षं मी शाळा तपासतोय. दुसऱ्या नळीतला खिळा गंजलेला मी कुठेच पाहिला नाही. आणि पाणी नीट उकळलेलंही कुठेच पाहिलं नाही. तपासणीचा दिवस ठाऊक नसतो, नवा लोखंडी खिळा टाकला तरी आम्ही येईपर्यंत तोही गंजतो, म्हणून सगळे स्टेनलेसचा टाकतात. लोहचुंबक आणू नका, चुंबकाला चिकटणारं स्टेनलेसही मिळतं." त्यांनी नळी परत ठेवली. "तुम्ही निदान लाजायला तरी हवं होतं."

वर्गाने बाईंकडे पाहिलं. बाईंनी मोठ्या सरांकडे पाहिलं. मोठ्या सरांनी पंख्याकडे पाहिलं आणि हात खिशात घातला.

गप्प बसलं तर खोली गेली. तपासायला लावलं आणि खिळा पुडीतला निघाला, तर खोलीही गेली आणि वर्गाला दिलेला शब्दही. बाईंनी घसा खाकरला.

"लोखंडाचा असेल तर गंजेल, साहेब. आत्ता, तुमच्यासमोर गंजवते."

"मी दुपारपर्यंत आहे," तपासनीस म्हणाले.

बाईंनी खिळा बाहेर काढला, तेलाचा ओशटपणा साबणाने धुतला आणि खिळा पांढऱ्या ओल्या फडक्यावर ठेवला. मग चिमूटभर मीठ घातलेलं पाणी घेतलं आणि सासऱ्यांना आवडली असती अशी हातभर धार, खालीवर, खालीवर, फेस येईपर्यंत ओतली. ज्या हाताने सगळा घोळ केला होता, तोच आता वर्गाच्या कामी येत होता. ते पाणी त्यांनी खिळ्यावर शिंपडलं. तपासनीसांनी पणला राखणीला बसवलं आणि बाकीचे वर्ग पाहायला गेले.

व्हरांड्यात मोठे सर कुजबुजले, "बाई, सकाळचं जरा सांगायचं होतं..."

"आत्ता नको, सर."

"अहो पण..."

"सर, पाया पडते. नको."

जो गंज येऊ नये म्हणून आठवडाभर देव पाण्यात ठेवले होते, तोच आता यावा म्हणून बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. खिळा लखलखत होता. मधली सुट्टी झाली, तरी लखलखत होता. राखणीला बसलेली पण जेवायलाही उठली नाही. फडकं वाळत आलं, बाईंनी पुन्हा पाणी शिंपडलं. शिपाई मीटर टेप घेऊन आला आणि टेबलाची लांबी मोजू लागला. अध्यक्षांचा निरोप होता म्हणे, ढालींसाठी.

तपासनीस परत आले. वाकून पाहिलं. खिळ्याचा माथा चकचकीत, अंगही चकचकीत.

"वाईट वाटतं," ते म्हणाले. "धीट होतात तुम्ही."

बाईंनी मिठाच्या पाण्याचं चंचुपात्र पुन्हा उचललं.

"पण साहेब," पण म्हणाली, "खालून बघा ना."

तपासनीसांनी चिमट्याने खिळा उचलला. फडक्यावर, खिळा टेकला होता तिथे, पेन्सिलीने ओढावी तशी नारिंगी रेघ होती. खिळ्याच्या पोटावर तांबूस ठिपके होते. गंज पाहून टाळ्या वाजवणारा तो बहुधा जगातला पहिलाच वर्ग असेल. बाई सकाळपासून पहिल्यांदाच खुर्चीत बसल्या.

"कसं जमवलंत?" तपासनीसांनी पहिल्यांदाच आवाज चढवला.

"पाणी ओतताना हात खाली ठेवला, साहेब."

तपासनीसांनी खिळा परत फडक्यावर ठेवला. मग शिपायाकडे वळून म्हणाले, "टेप गुंडाळा. ही खोली चालू आहे."

सगळे गेल्यावर मोठे सर पुडी घेऊन आले.

"तेच सांगत होतो मघाशी. सकाळी आलो होतो मी, बदलायलाच. बघतो तर खिळा लखलखीत! म्हटलं, बाईंनीच बदलला वाटतं. चला, उशिरा का होईना शहाण्या झाल्या. म्हणून तसाच परत गेलो."

बाईंनी पुडीतला खिळा घेतला, हातोडी मागवली आणि तो दाराच्या चौकटीत ठोकला. दोन्ही किल्ल्या आता त्यालाच टांगलेल्या असतात.