भिंगरीचा चौथा पाय

मी एक जुनी भिंगरी आहे. मित्रांनो, खेळण्यातली नव्हे. रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतली, रक्त फिरवणारी. माझे खरे नाव सेंट्रिफ्यूज. ते उच्चारताना नव्या माणसाची जीभ अडखळते, म्हणून इथे मला सगळे भिंगरीच म्हणतात. माझ्या पोटात रक्ताच्या बारा नळ्या बसतात. झाकण लावून कळ दाबली की मी मिनिटाला तीन हजार गिरक्या घेते. दहा मिनिटांत लाल भाग नळीच्या तळाशी बसतो आणि वर उरते नितळ, पिवळसर पाणी. खरी बातमी त्या पाण्यात असते. ती वाचण्याचे काम शेजारच्या मोठ्या यंत्राचे. मी नुसती फिरवते आणि काळजी करते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या तपासनिसाने माझ्या झाकणावर पाण्याने काठोकाठ भरलेला पेला ठेवला आणि मला जोरात फिरवले. थेंबही सांडला नाही. "ही जन्मात हलायची नाही," तो म्हणाला. पहिली शाबासकी कुणी विसरत नाही. मीही विसरले नाही, आणि पुढे तीच मला टोचत राहिली.

इथे आले तेव्हा ताईही नवीच होती. ती इथली तंत्रज्ञ. नळ्या विषम आल्या तर समोरच्या खोबणीत साध्या पाण्याची नळी ठेवून ती माझा तोल सांभाळायची. काम संपले की ओल्या फडक्याने मला पुसायची. आम्हा दोघींची चांगली पंधरा वर्षे गेली. मग माझ्या चौथ्या पायाचे रबर झिजले. फिरताना मी थरथरू लागले. ताईने तीन अर्ज केले. उत्तर एकच आले : नवे यंत्र येणार आहे, तोवर चालवून घ्या. मित्रांनो, 'तोवर' हा शब्द फार लांब असतो.

त्याच 'तोवर'मध्ये ती साथ आली. श्वासाचा आजार, विषाणूचा. खाटा कमी पडल्या, नळ्यांचे ढीग लागले. या आजाराची खोड अशी, की आज चालत फिरणारा माणूस उद्या धाप लागून आडवा होई. कोण बरा होईल आणि कोण खचेल, हे चेहऱ्यावरून कळत नसे. पण रक्तात काही खुणा आधी उमटतात. त्यांतली एक सांगते. आपल्या शरीरातल्या पेशी फुटल्या की त्यांच्यातला एक पदार्थ रक्तात सांडतो. फुप्फुसे आतून दुखावली असतील तर त्याचा आकडा चढतो. आकडा म्हणजे भविष्य नव्हे, पण धोक्याची सूचना नक्कीच.

मात्र यात एक मेख आहे. नळीतल्या रक्तपेशी बाहेरच्या धक्क्याने फुटल्या, तरी तोच आकडा चढतो. फरक ओळखायची खूण एकच : तेव्हा पिवळे पाणी गुलाबी दिसते.

एकदा तसेच झाले. ताई रजेवर होती आणि कामाची झुंबड उडाली होती. एका आजोबांची नळी माझ्या थरथरीने बिघडली. पाणी गुलाबी झाले, पण बघायला वेळ कुणाला होता? आकडा चढलेला दिसला. आजोबांना धावतपळत अतिदक्षता विभागात हलवले. घरचे खिडकीबाहेर रडत बसले. दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात सगळे ठीक निघाले आणि माझ्या नावाने बोंब झाली, 'भिंगरी आकडे फुगवते.' खोटे कशाला बोलू, चूक माझ्याच पायाची होती. त्या दिवसापासून प्रत्येक फेरीत माझा जीव टांगणीला लागे.

आणि मग शीळकाका आले. त्यांचे चपला शिवण्याचे दुकान होते. ताप किरकोळ होता, भूक चांगली होती. आमच्या खिडकीसमोरच्या लांब व्हरांड्यातून ते शीळ घालत फेऱ्या मारायचे. पाचव्या दिवशी सकाळी त्यांची नळी माझ्यात फिरली आणि तो आकडा निरोगी माणसाच्या दुपटीच्या वर निघाला. बाकीच्या खुणा काठावर होत्या.

डॉक्टर खिडकीशी आले. डोळे तांबारलेले होते.

"ताई, हा आकडा भिंगरीतूनच आलाय ना? मग सोडून द्या. माणूस शीळ घालत हिंडतोय. दुपारी घरी पाठवतोय त्यांना. मुलगी न्यायला आलीय आणि मला खाट हवीय."

ताईने नळी उजेडात धरली. "पाणी पिवळं आहे, डॉक्टर. गुलाबी नाहीये."

"एकदा तोंड पोळलंय माझं. आता ताकही फुंकून पिणार."

"मग फुंकूनच प्या. पुन्हा रक्त घ्या. अर्धा-पाऊण तास द्या मला."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले आणि होकारार्थी मान हलवली. ताईने कोपऱ्यातली तिची जुनी चप्पल उचलली, कात्रीने टाचेचा तुकडा कापला आणि घडी करून माझ्या चौथ्या पायाखाली सरकवला. काकांच्या ताज्या रक्ताची नळी आली, ती आत बसवली. आणि मित्रांनो, डॉक्टरांना दिसावे म्हणून तिने पेलाभर पाणी माझ्या झाकणावर ठेवले. कारखान्यातली गोष्ट तिला ठाऊक असणे शक्यच नव्हते.

ती दहा मिनिटे मला वर्षांसारखी गेली. आकडा उतरला तर मी खोटी, माझी रवानगी भंगारात. आकडा तसाच राहिला तर काकांचे फुप्फुस आतून दुखावलेले. बाहेर त्यांची शीळ ऐकू येत होती. मी मनापासून म्हटले, आकडा उतरू दे. मी खोटी ठरले तरी चालेल.

पेल्यातला थेंबही सांडला नाही. आकडा सकाळपेक्षा थोडा जास्तच आला.

डॉक्टरांनी आकडा पुन्हा एकदा वाचला. "थांबवतो त्यांना," ते म्हणाले आणि निघून गेले.

काका तणतणत खिडकीशी आले. "काय हो ताई, तुमची भिंगरी माझ्या वाइटावर आहे का? मुलगी पिशवी भरून बसलीय खाली."

"एक दिवस, काका. माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हरांड्यातली शीळ मधेच तुटली. मग धावणारी पावले आणि चाकांची खुर्ची ऐकू आली. प्राणवायूची नळी दहा पावलांवर होती. घरी असते तर किती पावलांवर असती, हा हिशेब मी आजही करू शकत नाही.

त्यानंतर रोज त्यांची नळी येई. आकडा चढला, थबकला, मग थोडा उतरला. नवव्या दिवशी नळी आली नाही.

मित्रांनो, वॉर्डातली माणसे मला दिसत नाहीत, त्यांच्या नळ्या दिसतात. आणि नळी थांबली की अर्थ दोनच असतात. ताईने वॉर्डात फोन लावला. कुणी उचलला नाही. दुसऱ्यांदा तिने लावलाच नाही. मला वाटते, तीही घाबरली होती.

तीन आठवडे असेच गेले. मग एका सकाळी खिडकीशी एक बाई वाळलेल्या गृहस्थांना हाताला धरून आली. ताई एकदम उभी राहिली. "काका?"

"ह्या लेकीने आणलं ओढत, तपासणीला," काका थांबत थांबत म्हणाले. त्यांनी ओठांचा चंबू केला. नुसती हवा आली. "येईल, सावकाश. कुठंय ती माझी वैरीण?"

ताईने बोट दाखवले. त्यांनी वाकून पाहिले, आणि माझ्या पायापाशी नजर जाताच कपाळाला आठी घातली. "हे रबर कुणी कापलंय? अशी कापतात का टाच?"

चार दिवसांनी मुलीबरोबर त्यांचा पुडा आला. त्यात जाड रबराचे चार पाय होते, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. तीन अर्जांना जमले नाही ते चपला शिवणाऱ्या हातांनी केले.

आता मी थरथरत नाही. काळजी मात्र गेलेली नाही. त्या आजोबांच्या घरच्यांचे रडणे मला अजून ऐकू येते, आणि त्यांची माफी मागायची राहूनच गेली. म्हणून तुम्हाला विनवते. तुमच्या आसपास काही थरथरत असेल, यंत्र असो की माणूस, तर त्याला खोटे ठरवण्याआधी वाकून त्याच्या पायाशी बघा. 'तोवर' म्हणू नका.

काका दर महिन्याला तपासणीला येतात. परवा त्यांच्या ओठांतून एक सूर निघाला, बारीक, अर्धा. ताईने नळी माझ्यात ठेवली, आणि कळ दाबण्याआधी आम्ही दोघी उरलेल्या अर्ध्यासाठी थांबलो.