गठुडीचे बाबा

भूगोलाचे सर वर्गात शिरले की आधी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनला मनोमन हात जोडत. शिकवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, निदान त्यांचं तसं मत होतं. पण यंत्र म्हटलं की सर पार ढ. घरी टीव्ही अडला, फोन रुसला, तरी ते जागचे हलत नसत. नुसती हाक मारत, "गठुडे, बघ गं जरा." गठुडी म्हणजे त्यांची लेक. जन्मली तेव्हा दुपट्यात गुंडाळलेलं गठुडंच दिसत होती, नाव चिकटलं ते चिकटलं.

ती यंदा नववीला बापाच्याच शाळेत आली, पण अट घालून. "शाळेत तू माझा बाबा नाहीस. कुणाला कळू द्यायचं नाही. आणि ते नाव तर चुकूनसुद्धा नाही, मुली वर्षभर जगू देणार नाहीत मला." सरांनी शब्द दिला. शब्द द्यायला काय जातं.

त्या दिवशी तिच्याच वर्गात धडा ज्वालामुखीचा होता. सरांनी खपून चित्रफीत शोधली होती. डोंगर थरथरला, धूर निघाला, आणि नेमका लाव्हा उसळायच्या वेळी चित्र जागच्या जागी गोठलं. सरांनी रिमोट दाबला, तळहातावर आपटला, सेल काढून पुन्हा घातले. मग एक वायर उपसली, तर पंखा बंद पडला. पोरं मजेत बघत होती. अशी करमणूक फुकटात कुठे मिळते. सरांना घाम फुटला, आणि सवयीचे गुलाम ते, मान न वळवताच त्यांनी खुशाल हाक मारली, "गठुडे, बघ गं जरा."

तिसऱ्या बाकावर लेकीने मान खाली घातली, तिचे कान लालबुंद झाले होते. जन्मभर बोलण्यावर पोट भरलं, आणि एवढं एक नाव पोटात ठेवता आलं नाही.

"सर, गठुडी कोण?" मागून कुणीतरी विचारलं.

लेकीकडे चुकूनही न बघता सरांनी स्क्रीनवर हात ठेवला. "ही. नाव ठेवलंय मी हिचं. फार लाडावलीय, गोड बोलल्याशिवाय ऐकत नाही." मग लाज गुंडाळून ठेवून ते तिला चुचकारू लागले, "ऊठ गं राणी, असं करू नये. सगळे बघतायत ना?"

वर्ग हसता हसता लोळला. लेक सगळ्यांत मोठ्याने हसली, ते सरांना जरा लागलंच. स्क्रीन काही उठली नाही. लाव्हा शेवटी सरांनीच हातवारे करून उसळवला.

शाळेत सरांची अब्रू गेली ती गेलीच. शिक्षकांच्या खोलीतसुद्धा "तुमची गठुडी आज कशी आहे?" अशी चौकशी होऊ लागली. सर जिन्यात दिसले की पोरं कठड्याला लोंबकळून ओरडत, "गठुडीचे बाबा आले."

त्या घोळक्यात लेकही असे, आणि पहिली आरोळी तिचीच असे. दिवसभर "सर, सर" करणाऱ्या पोरीला शाळेत बाबा म्हणायची तेवढीच एक सोय होती. सर तो जिना काही काम नसतानाही पुन्हा पुन्हा चढत.