तीन दिवसांत साफ

“मांडीचं दे,” डॉक्टर म्हणाले.

भिवाने सात नंबरच्या सशाचं हाड चिमट्यात धरून पुढे केलं. डॉक्टर हरिहरांनी ते तेजाबात विरघळवलं आणि त्यात तो कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू सोडला. पाणी काळं झालं, म्हणजे त्यात शिसं होतं.

कल्याणच्या या दवाखान्यामागच्या खोलीत भिवा दोन वर्षं ससे सांभाळत होता. डॉक्टर सशांच्या शिरेत शिसं टोचायचे आणि रोज थोडं रक्त काढून असंच तपासायचे. पहिल्या दिवशी पाणी काळं, दुसऱ्या दिवशी करडं, तिसऱ्या दिवशी स्वच्छ. एवढं भिवाला पाठ होतं.

“पण याचा रगात तं साफ झालता,” तो म्हणाला.

“रक्त साफ होतंच रे. थोडं शिसं मुतावाटे जातं, थोडं लेंड्यांतून. बाकीचं हाडांत जाऊन बसतं.”

भिवा भिंतीला टेकला.

त्याची बायको शेवंती शेंदराच्या कारखान्यात चाळणीवर होती. शेंदूर म्हणजे भाजलेलं शिसंच. तिच्या पोटात कळा यायच्या. मागच्या वर्षी तिने काम सोडून भाजी विकायचं काढलं, तेव्हा भिवानेच तिला थांबवलं. सशांच्या डॉक्टरकडे राहणारा माणूस, त्याला काय ठाऊक नाही?

“तीन दिस घरी बस,” तो म्हणाला होता. “रगात साफ होतं. मी रोज डोल्यांनी बघतंय.”

ती ऐकायची. दर महिन्याला तीन दिवस बसायची आणि चौथ्या दिवशी चाळणी धरायची. शेजारची ठमाबाई म्हणायची, सशांचा डॉक्टर आता बायकोचाही झाला. दोघं हसायची. पुढे शेवंतीची मनगटं लोंबली, भाकरी थापता येईना. भिवाने वात समजून तेल चोळलं. डॉक्टरांना विचारावं असं त्याला वाटलंच नाही. श्रावणात झटके येऊन ती गेली. तिच्या अस्थी मसणवटीतल्या पिंपळाला गाडग्यात बांधलेल्या होत्या. दिवाळीनंतर त्या नाशिकला न्यायच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवाने फडक्यातून हाडाचा एक जळका तुकडा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी वर न बघता तो तेजाबात टाकला आणि वायू सोडला. पाणी कालच्यापेक्षा काळं झालं.

“कितवा ससा हा?” त्यांनी वहीत शोधलं. “इतकं शिसं आपण कुणालाच दिलं नव्हतं.”

“मी दिलं,” भिवा म्हणाला. “शेवंती हाय ती.”

डॉक्टरांनी वही मिटली. पिंजऱ्यात एक ससा गवत खात होता.

असलं काळं पाणी भिवा नेहमी मोरीत ओतायचा. त्या दिवशी त्याने पेला दोन्ही हातांनी उचलला आणि खाडीची वाट धरली. भर बाजारातून तो हळूहळू चालला, थेंबही सांडू नये म्हणून.

डॉक्टरांनी तो पेला पुन्हा कधी मागितला नाही.