आईच्या हाताला येईल असं

छोटू हे नाव लहानपणी पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच. पन्नाशी ओलांडलेला हा माणूस आता कुठल्याही दारातून उंचीमुळे मान वाकवूनच आत शिरायचा, पण आईच्या लेखी छोटूच. तो दातांच्या कवळ्या बनवायच्या कार्यशाळेत कामाला होता. आई अगदी इवलीशी. तिचा उभा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेला, त्यामुळे आवाज खणखणीत आणि दुसऱ्याचं बोलणं मध्येच तोडायची खोड हाडीमाशी खिळलेली.

आईचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा छोटू आपलं एकट्याचं बिऱ्हाड उचलून तिच्याकडे राहायला आला. आल्या आल्या त्याने घर सुरक्षित करायचा चंगच बांधला. सरकणारी पायपुसणी गेली. सुऱ्या कपाटात बंद झाल्या. सकाळी निघताना तो गॅस बंद करायचा आणि चहा थर्मासमध्ये भरून ठेवायचा. स्वयंपाकघरही त्यानेच नव्याने लावलं. पसारा नको म्हणून सगळे डबे वरच्या फळीवर चढवले. दिवसभर कार्यशाळेतून त्याचे फोन चालूच असत. दुसऱ्या गावाहून ताईचे फोन यायचे ते वेगळेच, आईला फळं देतोस ना, फिरायला नेतोस ना म्हणून चौकशी करणारे. छोटू हो हो म्हणायचा आणि फोन ठेवला की कंबर धरून बसायचा.

एका दुपारी आईने फोन उचलला नाही. परत केला, तरी नाही. अंगावरचा ॲप्रन तसाच, हाताला साच्याचं प्लास्टर लागलेलं, अशा अवतारात छोटू धावतपळत घरी पोचला. आई स्वयंपाकघरात होती. ओट्यावर. पाय खाली सोडून ती बिस्किटं खात बसली होती, आणि बाल्कनीतलं कुंडीचं स्टूल खाली आडवं पडलं होतं.

झालं होतं ते असं. थर्मासातल्या चहाला आईसाहेब कंटाळल्या होत्या. ताजा चहा करावा म्हणून त्यांनी साखरेसाठी स्टूल आणलं, स्टुलावरून ओट्यावर चढल्या, आणि चढता चढता स्टुलाला लाथ बसली. तेव्हापासून त्या तिथेच होत्या. फळीवरचा बिस्किटांचा डबा हाती लागला, एवढीच काय ती कमाई.

"फोन ऐकू येत होता रे," आई म्हणाली, "पण ऑपरेटर जागेवर नव्हती."

छोटूला हसू आलं नाही. तो तिच्यावर खेकसला. त्याने तिला अलगद खाली उतरवलं.

"तुला काही झालं असतं म्हणजे?"

"मग चहा न पिताच गेले असते," आई म्हणाली. पण त्याचा चेहरा बघून तिने त्याचा हात मात्र सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी छोटूने फिजिओबाईंना बोलावून घेतलं. हाड जुळल्यावर आईला पुन्हा चालतं केलं होतं ते ह्याच बाईंनी. आता त्या आईला चार शब्द सुनावतील, अशी त्याला खात्री होती. बाई घरभर फिरल्या, पायपुसणी काढलीत हे चांगलं केलंत म्हणाल्या, आणि आईला चहा करायला सांगितलं. आईने हात वर केला. तो फळीच्या कडेपर्यंतही पोचेना. मग बाईंनी छोटूला गुडघ्यांवर बसून तेच करून बघायला लावलं.

गुडघ्यांवर बसल्यावर छोटू बरोबर आईएवढा झाला. त्याला डबे दिसेचनात, फळीची खालची बाजू तेवढी दिसत होती. साखर कुठे आणि मीठ कुठे, काही पत्ता लागेना.

"जपून हं," आई शेजारी उभी राहून म्हणाली. तिला भलतीच मजा येत होती.

"हाताला मिळालं तर त्या चढतील कशाला?" बाई म्हणाल्या. "रोजचं सगळं खाली आणा. न्हाणीघरात धरायला दांडा बसवा. आणि चहा त्यांना करू द्या, उभं राहायला बळ येईल."

छोटू मान हलवून उठायला गेला आणि निम्म्यातच अडकला. कंबरेत कळ आली होती. शेवटी आईने एका बाजूने आणि बाईंनी दुसऱ्या बाजूने त्याला उभं केलं. हे दुखणं कधीपासूनचं, असं बाईंनी विचारलं. तो इकडचं तिकडचं बोलायला लागला, तेव्हा आईनेच सांगून टाकलं की आपल्याकडे आल्यापासून ह्याने एक दिवस स्वतःसाठी घेतलेला नाही.

बाई गेल्यावर आईने ताईला फोन लावला.

"तू विचारपूस करतेस, बरं वाटतं," ती एक्स्चेंजच्या आवाजात म्हणाली. "आता शनिवारी ये. दर शनिवारी. छोटू बाहेर जाणार आहे."

ताईने अडचणी सांगायला सुरुवात केली आणि आईने फोन ठेवून दिला.

ताई आली. पहिल्या शनिवारी फुरंगटून आली, पण डबे खाली उतरवताना मायलेकी बहिणीबहिणींसारख्या भांडल्या आणि तिचा रुसवा कुठल्या कुठे गेला. न्हाणीघरातल्या दांड्यावर आईने आधी टॉवेल वाळत घातला. चार दिवसांनी टॉवेल खुंटीवर गेला आणि दांडा कामाला लागला. वाकून साखर काढायची पाळी आता छोटूची होती, आणि फिजिओबाईंनी वाकायचं कसं तेही त्याला शिकवून ठेवलं होतं.

छोटू पोहायला गेला. तरुणपणी तो रोज पोहायचा. पाण्यावर उताणा पडल्यावर त्याची कंबर कितीतरी दिवसांनी सैल झाली. बाहेर आल्यावर सवयीने त्याने फोन हातात घेतला, थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं, आणि खिशात टाकून पोटभर जेवायला गेला.

संध्याकाळी तो घरी परतला तेव्हा मायलेकी पत्ते खेळत होत्या. ताईचं म्हणणं होतं की आई लबाडी करते. आईचं म्हणणं होतं की ताईला हरता येत नाही. मलाही पानं वाटा, असं छोटू म्हणाला, तर हा डाव संपेपर्यंत थांब म्हणून दोघींनी त्याला गप्प केलं. तो सोफ्यावर टेकला. डाव संपला, ताईने त्याची पानं वाटली, पण छोटू तोवर बुटांसकट गाढ झोपला होता.

"झोपू दे त्याला," आई म्हणाली, आणि त्याची पानं उलटून बघितली.