कुझुमीबाईंनी न काढलेली खूण

मी एक जुना कुंचला आहे, मित्रांनो, आणि रागावलेला कुंचला आहे. म्हाताऱ्यांनी मुलांशी गोड बोलावं म्हणतात. आज ते मला जमणार नाही.

माझा जन्म कुमानो गावचा. एका कारागीर बाईंनी शेळीचे केस पुन्हा पुन्हा विंचरले, बोथट टोकाचा एकेक केस काढून टाकला आणि मला बांधलं. तिथून मी तोक्योला आरोग्यमंत्र्यांच्या मेजावर आलो. आमच्याकडे मंत्रिमंडळाच्या निर्णयावर प्रत्येक मंत्र्याला कुंचल्याने खूण काढावी लागते. साधी सही नव्हे, ज्याची त्याची वळणदार खूण. एकाचीही खूण राहिली तर निर्णय अडतो.

केवढी ताकद होती माझ्या टोकाशी! मला त्याचा अभिमान वाटे. पण मग मी मंत्री पाहिले. नवा मंत्री आला की आठ-आठ दिवस आपली खूण गिरवत बसे. बैठकीत कागदामागून कागद सरकत आणि पंधरा मिनिटांत सगळं आटोपे.

"वा, तुमची खूण काय डौलदार!"

"छे हो, तुमच्यापुढे आमचे कोंबडीचे पाय!"

कागदात काय लिहिलंय हे कुणी वाचत नसे. एकोणीस मंत्र्यांनी मला हातात धरलं. त्यांतल्या एकीनेच कागद वाचले. त्या ओरिए कुझुमी.

एका सकाळी त्यांच्याकडे तोमेआजी आल्या. आजींच्या गावच्या कारखान्याने खाडीत विष सोडलं होतं. तिथले मासे खाऊन त्यांची बोटं वाकडी झाली होती. अशा चारशे जणांना फुकट उपचार देणारा कायदा संसदेत आला होता, फक्त शेवटचं मतदान उरलं होतं.

"बाई, तुम्ही सम्राटांना सांगा ना," आजी म्हणाल्या. "त्यांच्या शिक्क्याशिवाय काही होत नाही म्हणतात."

"आजी, शिक्का त्यांचा, पण ठरवतो आम्ही. मंत्रिमंडळ सांगेल त्यावरच तो उमटतो. त्यांना नाही म्हणता येत नाही."

"अगं बाई! म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच दाराला हात जोडत होते? मग तुम्हीच करा, आणि लवकर करा. मी काही खारवलेला मासा नव्हे टिकून राहायला."

कुझुमीबाई हसल्या नाहीत. "याच अधिवेशनात," त्या म्हणाल्या.

पण शुक्रवारी पंतप्रधान हिरुकावांनी बैठकीत एक कागद पुढे केला. सभागृह बरखास्त करून निवडणूक घ्यायची होती, कारण हवा त्यांच्या बाजूची होती. सभागृह बरखास्त झालं की अर्ध्यावरचे सगळे कायदे मरतात. कागद सगळीकडे फिरला, सर्वांनी खुणा काढल्या आणि तो आमच्यापाशी येऊन थांबला.

"कुझुमीबाई, तुमचीच राहिली."

"आमच्या कायद्याचं मतदान मंगळवारी आहे. चार दिवस थांबा."

"चार दिवसांत हवा फिरते. निवडून आलो की पुन्हा आणू तुमचा कायदा."

"तोवर ती माणसं जगणारेत का?"

"भाषण नको, बाई. खूण काढा, नाहीतर राजीनामा द्या."

बाईंनी मला कोरडंच खाली ठेवलं. "राजीनामाही देणार नाही. मला पदावरून काढायचं तर तुम्ही काढा. कुणी काढलं ते लोकांना कळू दे."

पंतप्रधानांना तो अधिकार असतो. त्यांनी बाईंना काढलं. तासाभरात राजवाड्यातून बडतर्फीवर साक्षीचा शिक्का आला. आरोग्य खातं हिरुकावांनी स्वतःकडे घेतलं. मग ते बाईंच्याच खुर्चीत बसले, मला शाईत बुडवलं आणि बाईंच्या रिकाम्या जागी आपली खूण काढली. कुंचल्याला मनगट असतं, तर मी ती काढू दिली नसती.

दुपारी सम्राटांचा शिक्का उमटलेला बरखास्तीचा हुकूम जांभळ्या रेशमात गुंडाळून सभागृहात नेला. अध्यक्षांनी सम्राटांच्या नावाने तो वाचला. आणि ज्यांच्या खुर्च्या त्या क्षणी गेल्या, तेच सभासद दोन्ही हात उंचावून "बान्झाई! बान्झाई!" ओरडले. रीतच आहे तशी. कारकून मला धुता धुता दूरदर्शनवर ते पाहत होता. कशाचा जयजयकार, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

हिरुकावा निवडून आले. नव्या आरोग्यमंत्र्याने पहिल्याच बैठकीत मला उचललं आणि विचारलं, "कुठे काढू?" कागद कशाचा, हे त्याने विचारलं नाही. आजींच्या कायद्यावर विचार चालू आहे, असं तो वर्षभर सांगत राहिला.

डिसेंबरात कारकुनाने मला धुऊन वर्तमानपत्रावर वाळत ठेवलं. माझ्या टोकाखाली चार ओळींची बातमी होती. तोमेआजी गेल्या होत्या.

मित्रांनो, हुकूम वरून आला असं तुम्हाला कुणी सांगितलं, तर विश्वास ठेवू नका. वरून शिक्का आला. हुकूम त्या मेजाभोवतीच्या माणसांनी काढला आणि त्यांना तिथे बसवणारी संसद तुमचे आईवडील निवडतात. उद्या तुम्ही निवडाल. मला नीट धुवा, सावलीत वाळवा, एवढंच मागावं असं वाटायचं. आता ते मागत नाही. जो वाचत नाही, त्याच्या हातात मला देऊ नका.