हरमलच्या खोलीचा धागा

अंकिताचं मनगट मोडलं त्या आठवड्यात तिने 'ओसरी'वर पहिला प्रश्न टाकला : एका हाताने नारळ कसा खोवायचा?

'ओसरी' म्हणजे इंटरनेटवरची मराठी माणसांची गप्पांची जागा. कुणी प्रश्न विचारायचा, बाकीच्यांनी खाली उत्तरं द्यायची, त्या सगळ्याचा मिळून एक धागा. असे लाखो धागे तिथे वर्षानुवर्षं साचले होते. लोक धाग्याला नाव देताना आळस करत. 'मदत हवी', 'कृपया वाचा', 'एक शंका'. पुढे त्यातलं काही कुणाला हवं झालं तर सापडत नसे. ते आवरायचं काम सुविधा हौसेने करायची. ती डिचोलीच्या एका वाचनालयात नोकरीला होती. दिवसभर पुस्तकं जागेवर लावायची आणि घरी येऊन धागे. नाव बदलायचं, गावाची खूण जोडायची, एकाच विषयाचे तुकडे एकत्र करायचे.

नारळाचा प्रश्न 'रानआबोली' या नावाने आला होता. काही दिवसांनी त्याच नावाने आरोग्य विभागात विचारलं गेलं, कानावर मार बसल्यावर कानातून पाणी येतं ते आपोआप थांबतं का. मग प्रवास विभागात : डिचोलीहून म्हापशाला पहाटेची पहिली बस कितीची, लहान मुलीचं तिकीट पडतं का.

तिन्ही प्रश्न सुविधाने शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि तिला खासगीत लिहिलं, 'कोण मारतं?'

उत्तर दोन दिवसांनी आलं. 'नवरा. दत्तप्रसाद. खाणीवर टिपर चालवतो. पीत नाही, म्हणून कोणाला खरं वाटत नाही. जेवण वाढायला उशीर झाला तर माझा हात दाराच्या फटीत धरून त्याने दार लोटलं. मुलगी बघत होती.'

सुविधाने तिला विचारून तिचं सगळं लिखाण एका धाग्यात आणलं आणि वर नाव दिलं : 'नवऱ्याची मारहाण, डिचोली. राहायला जागा आणि काम हवं.' दुसऱ्याच दिवशी उत्तरं यायला लागली. मडगावच्या एका वकीलबाईने काय करायचं ते नीट लिहून दिलं. हरमलच्या एकीने कळवलं, शेवंतीकाकींची मागची खोली रिकामी आहे आणि किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये स्वयंपाकाला बाई पाहिजे. मनगटाचं प्लास्टर निघाल्यावर, दत्तप्रसाद पाळीवर असताना अंकिता सहा वर्षांच्या सेजलला घेऊन निघाली. पोचल्यावर तिने धाग्यात लिहिलं, 'खोलीत समुद्राचा आवाज येतो. काकींनी बांगड्याचं हुमण दिलं. सेजल झोपली.' सुविधाने धाग्याच्या नावात भर घातली : 'जागा मिळाली, हरमल.' पुढच्या बाईला शोधताना सोपं जावं एवढाच तिचा हेतू.

इकडे दत्तप्रसादने आधी दोडामार्गला जाऊन अंकिताच्या भावाला अंगणात पाडून तुडवलं. भावाचं नाक मोडलं, दोन बरगड्या गेल्या, पण बहिणीचा पत्ता त्याने सांगितला नाही. त्याला तो ठाऊकच नव्हता. परत येऊन दत्तप्रसादने फोनमध्ये लिहिलं, 'डिचोली नवरा मारहाण'. पहिलंच जे दिसलं ते सुविधाने बांधलेला धागा. त्यात त्याचं घर होतं, त्याचं दार होतं, त्याने मोडलेलं मनगट होतं. हे त्याने नंतर पोलिसांना स्वतःच सांगितलं, थोडं अभिमानाने.

त्याने 'सायली' नावाने खातं उघडलं आणि धाग्यात विचारलं, 'ताई, माझीही हीच गत आहे. शेवंतीकाकींचं घर नेमकं कुठे?' कुणा भल्या बाईने लगेच उत्तर दिलं, देवळामागे माडांत, निळ्या खिडक्यांचं.

त्या शुक्रवारी सुविधा रजा घेऊन म्हापशाच्या बाजारात मिरच्या घ्यायला आली होती. मिरच्या तराजूत असताना तिने फोन बघितला. तिच्यासारख्या देखरेख करणाऱ्यांना खात्याची माहिती दिसते. हे खातं सकाळीच उघडलेलं, या एका धाग्याशिवाय त्याने काही वाचलेलं नाही, आणि ईमेलची सुरुवात 'दत्तप्रसाद'ने. उत्तर येऊनही तास उलटला होता.

तिने उत्तर पुसलं. अंकिताला फोन लावला, तो वाजत राहिला. पोलिसांना फोन करून सगळं सांगितलं, त्यांनी माणसं पाठवतो म्हटलं. मिरच्या तिथेच टाकून तिने स्कूटर काढली. शिवोलीच्या पुलावर एका टेम्पोला ती घासून गेली, मागून शिव्या आल्या. ती थांबली नाही.

दत्तप्रसाद तिच्या आधी पोचला होता. शेवंती दारात सुके बांगडे उलटत होती.

"माझी बायको खंय आसा?" त्याने विचारलं.

"हंय कोण नाय. तू कोण?"

त्याने हातातलं हेल्मेट तिच्या तोंडावर मारलं. साठीची बाई बांगड्यांवर कोसळली. तिला उठताना बघून त्याने परत मारलं, या वेळी डोळ्यावर. मग तो खोलीत शिरला आणि वाट बघत बसला. सेजलच्या शाळेच्या दुसऱ्या कपड्यांची घडी खाटेवर होती. ती घडी त्याने मांडीवर घेतली होती.

अंकिता शॅकवरून जेवायला आली ती काकींना तशी पडलेली बघून धावली. तिने काकींचं डोकं उचललं एवढ्यात मागून तिचे केस त्याच्या मुठीत आले. त्याने तिला फरफटत माडापर्यंत नेलं आणि तिचं डोकं माडावर आपटलं. तो ओरडत नव्हता. शांतपणे विचारत होता, "माझी बदनामी जगाक वाचूक दिलंस? सगळा लिवलंस? आता ह्याही लिव." प्रत्येक प्रश्नाला एकदा आपटत होता. शेजारच्या घरातून दोन बायका बाहेर आल्या, किंचाळल्या आणि माणसं आणायला किनाऱ्याकडे पळाल्या.

सुविधा पोचली ती याच वेळी. तिने आयुष्यात कुणाला मारलं नव्हतं. भिंतीला होडीचं वल्हं टेकलेलं होतं, ते तिने उचललं आणि त्याच्या पाठीत घातलं. तो वळला. दुसरा फटका त्याने हातावर झेलला, वल्हं हिसकावून घेतलं आणि तिच्या खांद्यावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. पुढचा फटका तोंडावर बसला. ती गुडघ्यावर आली. तोंडातून रक्ताबरोबर दोन दात वाळूत पडले.

"तूच ती सुविधा?" तो म्हणाला. "धाग्यात नाव आसा तुझा."

त्याने वल्हं परत वर उचललं. त्याची पाठ अंकिताकडे होती. नारळ सोलायच्या जागी कोयता पडला होता. अंकिता तिथवर हातांवर सरपटत गेली. रक्ताने तिचा एक डोळा मिटला होता. तो कोयता घेऊन ती उठली आणि वल्ह्यावरच्या त्याच्या हातावर तिने घाव घातला. वल्हं पडलं. त्याच्याबरोबर त्याची दोन बोटं पडली.

तो हाताकडे बघत खाली बसला. मग गुरासारखा ओरडायला लागला. अंकिताने दुसऱ्यांदा कोयता उचलला, तो त्याच्या मानेसाठी होता. त्यालाही ते कळलं, तो गप्प झाला. सुविधाने धड राहिलेल्या हाताने तिची कंबर धरली.

"सोड माका," अंकिता म्हणाली.

"सेजलला शाळेतून कोण आणणार?" सुविधाच्या फुटलेल्या तोंडातून शब्द धड येत नव्हते. "तुला तुरुंगात टाकतील. तिला कोण आणणार, सांग."

अंकिता तशीच उभी राहिली, हात वर. किनाऱ्यावरची माणसं धावत आली तेव्हाही कोयता वरच होता. जाळं ओढणाऱ्या एका म्हाताऱ्या रापणकाराने तो तिच्या मुठीतून हळूच, एकेक बोट उलगडत काढून घेतला. मागोमाग पोलीस आले.

सगळे म्हापशाच्या इस्पितळात गेले. अंकिताच्या डोक्याला टाके पडले. तिची जबानी झाली, शेजारणींची झाली, आणि तिने जीव वाचवण्यासाठी वार केला हे नोंदलं गेलं. दत्तप्रसादला इस्पितळातून थेट कोठडीत नेलं. शेवंतीचा डावा डोळा गेला.

'ओसरी' चालवणाऱ्या अमोलचा पुण्याहून फोन आला. तो घाबरला होता. "तो धागा आजच उडव. पूर्ण."

अंकिता बाजूच्या खाटेवर होती. तिने फोन मागून घेतला. "उडवू नका," ती म्हणाली. "तो नसता तर मी अजून त्याच घरात असते. नाहीतर मसणात. मदत करणाऱ्यांना तो सापडला म्हणून नवऱ्यालाही सापडला, एवढंच. त्याला सापडणार नाही असं काहीतरी करा."

तसं करायला पुढचे कितीतरी आठवडे गेले. सुविधाने एका हाताने असे सगळे धागे एका विभागात आणले आणि तो विभाग बाहेरच्या शोधातून काढला. गावांची नावं पुसली. आत यायचं तर आधी देखरेखीतल्या बाईशी फोनवर बोलायचं आणि पत्ते फक्त बोलूनच द्यायचे, असं ठरलं. त्यामुळे तिथवर पोचणाऱ्या बायका निम्म्याने कमी झाल्या. त्या निम्म्या कुठे गेल्या असतील, हा विचार सुविधाला झोपू देईना. पण याहून बरा मार्ग तिला अजून दिसला नाही.

एवढं सगळं झालं तरी शेवंतीला 'ओसरी' म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. हात गळ्यात बांधून सुविधा तिला भेटायला गेली तेव्हा तिने चहा आणि उंडा पाव पुढे ठेवला आणि विचारलं, "माका एक सांग. तो माझ्या दारापर्यंत पावलो कसो?"

सुविधाने सांगितलं. धागा काय, नाव काय, तिने त्यात 'हरमल' का लिहिलं. काही लपवलं नाही.

"म्हणजे माझ्या घराची पाटी तू बाजारात लावलंस."

"होय काकी."

"आणि तीच पाटी बघून उद्या आणखी कोण इलो असतो तर?"

आत सेजल पाढे म्हणत होती, अंकिता तिला मध्येच थांबवून सुधारत होती. शेवंती उरलेल्या डोळ्याने सुविधाकडे बघत राहिली.

"माका तुझो राग येता," ती म्हणाली. "आणखी थोडे दिस येतलो. तरी तू येत रव." मग तिने बशी पुढे सरकवली. "चाय निवता. उंडो बुडवून खा, तुका चावूक जमाचा नाय."