आण्णांनी खाल्लेले डिंकाचे लाडू

वक्तृत्व स्पर्धेत दुसरा नंबर आल्यापासून मी कुणाला म्हणजे कुणालाच भीत नाही. नागव्वाकाकू सोडून. त्या आमच्या घरमालकीण.

"खोली फॅमिलीला देते. एकट्या बाप्याला नाही," असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. आता आली का पंचाईत! आण्णा, म्हणजे माझे वडील, आणि आई पंधरा वर्षं भांडून दमले आणि कोर्टातून मोकळे झाले. आई जेऊरला मामाकडे राहिली. आण्णांना सोलापुरात मिलची नोकरी लागली, आणि मला इथली शाळा हवी होती म्हणून मी त्यांच्यासोबत. सहा घरमालकांनी आम्हाला वाटेला लावलं होतं. सातव्या दारात आण्णा म्हणाले, "मंडळी माहेरी गेलीया."

"कशाला?"

आण्णांना खोटं बोलायची सवय नाही. ते गडबडले, लाजले, खाली बघत राहिले. लाजलेला पुरुष बघून काकूंना काय समजायचं ते समजलं.

"अय्यो! पोरगी एवढी घोडी झाल्यावर? असू दे, असू दे, शिवाची कृपा." आणि किल्ली दिली!

"आण्णा, हे काय केलंत?"

"म्या कुटं काय म्हनलं? गप हुतो की."

नुसतं गप राहून आमच्या घरात बाळ यायला निघालं. पाणी मीच भरायची, कारण आण्णांना नळावरच्या प्रश्नांची भीती. बायका, त्यातही शेजारची ईरम्मा, रोज विचारायच्या, "आई कशी हाय गं?" मी म्हणायची, "बरी आहे." हे खोटं नव्हतंच.

एप्रिलमध्ये काकूंनी बोटांवर महिने मोजले आणि आण्णांच्या हातात डिंकाच्या लाडवांचा मोठा डबा दिला. "जेऊरला पोचवा. बाळंतिणीला ताकद येईल."

आण्णा स्टेशनवर गेले, दोन गाड्या जाईपर्यंत बाकावर बसले आणि डबा घेऊन परत आले. त्यांना खोटं बोलता येत नाही, तसं अन्न टाकताही येत नाही. दोन लाडू मी खाल्ले. बाकीचे आठ दिवसांत त्यांनी. तेही सोलापूरच्या उन्हाळ्यात!

शनिवारी काकूंनी दारातूनच सांगितलं, "उद्या मी आणि ईरम्मा जेऊरला जाणार. बाळाला कुंची शिवलीय."

त्या वळल्या न वळल्या तोच आण्णा म्हणाले, "सामान बांद पोरी." आणि त्यांचा घोळणाच फुटला. शर्टभर रक्त! "नाकातून रक्त!" ही माझी किंकाळी ऐकून काकू कांदा फोडून घेऊन धावत आल्या, मागून ईरम्मा. आण्णांच्या नाकाशी कांदा धरून काकू पाण्यासाठी माठाकडे वळल्या, तर शेजारी त्यांचाच डबा. त्यांनी उघडला. तळाशी नुसती खसखस.

त्यांनी एकदा डब्याकडे बघितलं, एकदा नाकाकडे.

"डिंकाची उष्णता बाळंतिणीला व्हायची. तुम्हाला कशी झाली?"

आण्णा कांदा हुंगत गप. मला वाटलं, हे आता गप राहिले तर आणखी एक मूल होईल! मी ताठ उभी राहिले.

"अध्यक्ष महाशय..." सवयीनं निघून गेलं. "काकू, बाळ नाही. आई येणारही नाही. त्यांचा घटस्फोट झालाय. खोली सोडायला सांगणार असाल, तर माझी परीक्षा झाल्यावर सांगा."

आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला असता.

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "अर्धा शेर तूप घातलं होतं मी."

"व्हय," कांद्यामागून आण्णा म्हणाले. "लई झ्याक झालं हुतं."

आधी ईरम्मा हसली. काकूंनी पदर तोंडात कोंबून बघितला, पण नाही जमलं. डोळे पुसत त्या आण्णांना म्हणाल्या, "परीक्षेच्या दिवसांत पोरीला नळावर पाठवता? उद्यापासून पाणी तुम्ही भरायचं. कबूल असंल तर राहा."

रविवारी सकाळी आण्णा घागर घेऊन रांगेत सगळ्यात मागे उभे राहिले. तसेच खाली बघत, तसेच लाजत.

"अगं, बाळंतिणीला पुढं घ्या गं!" ईरम्मा ओरडली.

आण्णांनी दोन घागरी बिनरांगेच्या भरून आणल्या. कुंची आता आमच्या माठावर असते. अगदी बरोब्बर बसते.